अकाउंट फ्रीज झालंय, पैसे अडकलेत: आता नेमकं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. तुम्ही हाताने शिवलेल्या चामड्याच्या बॅगा ऑनलाइन विकता, दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, दिवसाला पाचेक ऑर्डर, मग एका व्हिडिओमुळे चार दिवसांत ३०० ऑर्डर आल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी पेमेंटवाल्यांचा मेल, की अकाउंटवर मर्यादा घातलीय आणि बॅलन्स १८० दिवस काढता येणार नाही. तीन आठवडे झाले, सपोर्टकडून तेच साचेबंद उत्तर येतंय, चामडं आणायला हातात पैसे नाहीत आणि ग्राहक विचारतायत बॅग कुठंय. तुम्ही विचारलंय की असं करता येतं का त्यांना, पैसे बुडाले का, आणि आता काय करू.

मी बरीच वर्षं पेमेंटच्या धंद्यात आहे, त्यातली पहिली काही रिस्क टीममध्ये गेली, म्हणजे असे मेल जिथून सुटतात त्याच टेबलावर, आणि नंतर विक्रेत्यांच्या बाजूने अडकलेली अकाउंटं सोडवायचं काम करत आलोय. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

आधी धीराचं. पैसे बुडालेले नसतात सहसा. अडकलेले असतात, आणि त्यातून डिस्प्यूट (म्हणजे ग्राहकाने व्यवहारावर केलेली तक्रार), रिफंड, दंड असं काही ना काही वजा होत जातं, पण तुम्ही खरोखर माल बनवून पाठवणारा माणूस असाल तर मोठा हिस्सा परत येतो. प्रश्न १८० दिवसांनी येतो की तीन आठवड्यांत येतो एवढाच आहे, आणि ते बऱ्याच अंशी तुम्ही पुढच्या काही दिवसांत काय करता यावर ठरतं.

म्हणून आज काय करायचं नाही ते पहिलं. नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावाने त्याच कंपनीत दुसरं अकाउंट उघडू नका, कृपा करून उघडू नका. तोच फोन, तोच लॅपटॉप, तोच पत्ता, तीच वेबसाइट, सिस्टीमला जोडणी काही मिनिटांत सापडते आणि मग जे अकाउंट सुटू शकलं असतं ते कायमचं बंद होतं, कारण आता तुम्ही पळवाट काढणारा माणूस म्हणून दिसता. मी अशी कितीतरी अकाउंटं बघितलीत जिथे मूळ फ्रीज साध्या कागदपत्रांचा होता, आणि घाबरून केलेल्या या एका गोष्टीने सगळं हातातून गेलं. दुसरं म्हणजे सपोर्टकडे रोज नवीन तिकीट, म्हणजे तक्रारीची नवी नोंद, टाकू नका. चार तिकिटं म्हणजे चार वेगवेगळी माणसं, त्यांना दिलेली चार थोडी थोडी वेगळी उत्तरं, आणि शेवटी फाइल उघडणाऱ्याला वाटतं की ह्यांची गोष्टच बदलतेय. एकच तिकीट, त्यातच पुढे लिहीत राहायचं. आणि चिडून ग्राहकांना असं सांगू नका की बँकेत जाऊन पैसे परत मागा. का ते पुढे येईलच.

आता हे होतं कशामुळे. बहुतेक विक्रेत्यांना वाटतं की पैसे आले म्हणजे माझे झाले, आणि पेमेंट कंपनी म्हणजे मधला पाइप. कार्डाच्या व्यवहारात तसं नसतं. ग्राहकाने आज कार्ड वापरलं, दोनतीन दिवसांत पैसे तुमच्याकडे आले, पण तो व्यवहार अजून पक्का झालेला नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत माल मिळाला नाही किंवा वर्णनासारखा नाही अशा तक्रारीला साधारण १२० दिवस असतात, आणि माल न मिळाल्याच्या बाबतीत हे दिवस ज्या तारखेला माल मिळायला हवा होता तिथून मोजायला सुरुवात होते. पेपल ह्या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या स्वतःच्या डिस्प्यूटमध्ये तर ग्राहकाला पेमेंटपासून १८० दिवस मिळतात. ह्या काळात ग्राहक बँकेकडे गेला की बँक पैसे परत ओढते, त्यालाच चार्जबॅक म्हणतात, आणि ती ओढ खाली खाली येत पेमेंट कंपनीपर्यंत येते, ती तुमच्याकडून वसूल करते. तुम्ही तोपर्यंत पैसे खर्च करून बसला असाल किंवा दुकान बंद करून गेला असाल तर? तर ते पैसे कंपनीच्या खिशातून जातात.

म्हणजे खरं बघायला गेलं तर प्रत्येक कार्ड पेमेंट हे त्यांनी तुम्हाला दिलेलं उधार आहे. हे एकदा डोक्यात बसलं ना, की बाकीचं सगळं समजायला लागतं. तुमचंच उदाहरण घ्या. तुम्ही लिहिलंय की गर्दीमुळे तुम्ही साइटवर सहा आठवड्यांत बॅग मिळेल असं टाकलं होतं. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, त्यावर १२० दिवस, झाले १६२. आला ना १८० चा अंदाज? तो आकडा कुणी शिक्षा म्हणून ठरवलेला नाही, शेवटचा ग्राहक तक्रार करू शकेल तो दिवस उलटेपर्यंतचा हिशोब आहे तो, थोडी भर घालून. मेल आला त्या दिवशी त्यांच्या पडद्यावर काय होतं बघा, चार दिवसांपूर्वी तुमची जबाबदारी पाच-दहा बॅगांची होती आणि आता ती ३०० बॅगांची झाली ज्यातली एकही अजून शिवलेली नव्हती. बँकेत जाऊन तुम्ही इतकं कर्ज मागितलं असतं तर त्यांनी कागद मागितलेच असते.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हेच घडतं. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बंद पडली तेव्हा आगाऊ पैसे भरलेले कितीतरी प्रवासी कार्ड कंपन्यांकडे परतावा मागायला गेले. आगाऊ पैसे आणि नंतर माल, ह्या जातीच्या धंद्याला पेमेंटवाले घाबरतात ते उगाच नाही.

मग तुम्ही म्हणाल की दोन वर्षांपूर्वी अकाउंट उघडताना तर काहीच विचारलं नाही, दहा मिनिटांत सुरू झालं. बरोबर, आणि गोम तिथेच आहे. पूर्वी दुकानदाराला कार्ड घ्यायचं असेल तर बँकेकडे मर्चंट अकाउंटचा अर्ज करावा लागायचा, ताळेबंद, महिन्याची उलाढाल, मालाचा प्रकार, सगळं तपासून काही आठवड्यांनी होकार किंवा नकार. पेपल, स्ट्राइप, स्क्वेअर ह्यांनी वेगळी पद्धत आणली, म्हणजे मोठं मर्चंट अकाउंट त्यांचं आणि त्याखाली लाखो छोटे विक्रेते. छोट्या माणसाला त्याने दार उघडलं, हे मी मनापासून मानतो, तुमच्यासारखी एकटी बाई बॅगा विकू शकली ती त्यामुळेच. पण तपासणी काही रद्द झाली नाही, ती फक्त पुढे ढकलली गेली. आधी व्हायची ती आता नंतर होते, आणि नेमकी तेव्हा होते जेव्हा तुमच्या खात्यात पहिल्यांदा मोठी रक्कम येते. हे साइनअपच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं असायला हवं. ते नसतं, आणि ह्याचा मला आजही राग आहे.

हे फक्त लहानांना होतं असंही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये माइनक्राफ्ट हा कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या मार्कस पर्सनने स्वतः लिहिलं होतं की पेपलने त्याचं अकाउंट मर्यादित केलंय आणि आत सहा लाख युरोंहून जास्त आहेत. एकटा माणूस, अजून पूर्ण न झालेला गेम आणि अचानक पैशाचा पूर, सिस्टीमच्या नजरेत हे चित्र संशयास्पदच दिसणार. २०१३ मध्ये मेलपाइल नावाच्या सॉफ्टवेअरसाठी लोकवर्गणी गोळा करणाऱ्यांचे ४५,००० डॉलर असेच थांबवले गेले, पैसे कुठे कसे खर्च करणार त्याचं बजेट मागितलं, आणि बोभाटा झाल्यावर लगेच सोडले. ह्या दोन्ही गोष्टींत विक्रेत्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं.

आता तुमचा फ्रीज कुठल्या जातीचा आहे ते ओळखायला हवं, कारण औषध प्रत्येकाचं वेगळं आहे आणि लोक इथेच चुकतात. मेल पुन्हा उघडा आणि शब्द बघा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, धंद्याची नोंदणी, बँक खात्यावरचं नाव असलं काही मागितलं असेल तर तो केवायसीचा होल्ड, म्हणजे ओळख पटेपर्यंत पैसे रोखणं, सगळ्यात सोपा. इथे अडतं ते बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टींवर, अकाउंटवर लग्नाआधीचं नाव आणि बँकेत लग्नानंतरचं, पत्त्यात फ्लॅट नंबर एकीकडे आहे दुसरीकडे नाही, फोटोत कागदाचा कोपरा कापला गेलाय. स्पष्ट स्कॅन, चारही कोपरे दिसतील असा, नावात फरक असेल तर तो जोडणारा कागद सोबत, आणि विषय संपला.

मेलमध्ये जोखीम, व्यवहारांचं प्रमाण, डिलिव्हरीचा पुरावा, रिझर्व अशी भाषा असेल तर तो वर सांगितला तो उधारीचा होल्ड. तुमचा हाच आहे, तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून मला तरी शंका नाही. ह्यात बोलणी होऊ शकतात.

तिसरा प्रकार वेगळा. मेलमध्ये कारणच नसतं, फोनवरचा माणूसही काही बोलत नाही, मागितलेले कागद दिले तरी हूं की चूं नाही. हा पैशांच्या गैरव्यवहाराच्या किंवा निर्बंधांच्या कायद्यातला होल्ड असू शकतो. ह्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या एफएटीएफ ह्या पैशांच्या गैरव्यवहाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशींनुसार आणि त्यावर आधारलेल्या देशोदेशींच्या कायद्यांनुसार, कंपनीने एखाद्या व्यवहाराचा संशयास्पद म्हणून सरकारी यंत्रणेला अहवाल दिला असेल तर ती ते ग्राहकाला सांगूच शकत नाही. सांगणं हाच गुन्हा ठरू शकतो. तेव्हा समोरचा गप्प आहे तो दर वेळी माजोरीपणामुळे नाही. आणि कित्येकदा कारण इतकं साधं असतं, मालाच्या नावात निर्बंध असलेल्या देशाचं नाव आलेलं असतं, किंवा ग्राहकाचं नाव निर्बंधांच्या यादीतल्या कुणाशी जुळलेलं असतं. मार्च २०१५ मध्ये पेपलने अमेरिकेच्या निर्बंध खात्याशी सुमारे ७७ लाख डॉलरचा समझोता केला, व्यवहार नीट गाळले नाहीत म्हणून. असा फटका बसलेली कंपनी चाळणी बारीकच करणार, आणि त्यात तुमच्यामाझ्यासारखे सापडतात. ह्या प्रकारात लिहून एवढंच विचारायचं की कुठल्या व्यवहाराबद्दल माहिती हवी आहे, आणि लागलाच तर वकील. बाकी धावपळीचा उपयोग नाही.

परत तुमच्याकडे. उधारीच्या होल्डमध्ये समोरच्याला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं, ही बाई माल पाठवेल का. तुमची तीन आठवड्यांतली पत्रं मी वाचली, तुम्ही जी इथे चिकटवलीत, आणि वाईट वाटून घेऊ नका, पण त्यातल्या एकाही पत्रात ह्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्यात तुमची अडचण आहे, मुलाची फी आहे, दोन वर्षांचा प्रामाणिकपणा आहे. सगळं खरं आहे, पण फाइल बघणाऱ्याकडे मोजकी मिनिटं असतात आणि त्याला त्याच्या वरिष्ठाला दाखवता येईल असा कागद लागतो. मी तिथे बसलेलो असताना मनातून विक्रेत्याच्या बाजूचा असायचो आणि तरी होल्ड उठवू शकायचो नाही, कारण फाइलीत लावायला काहीच नसायचं.

तर एक पत्र लिहा, एका पानाचं. सुरुवातीला अकाउंटचा आयडी, केस नंबर आणि दोन ओळीत काय घडलं, की अमुक तारखेला व्हिडिओ गेला, ही त्याची लिंक, नेहमीच्या दिवसाला पाच ऑर्डर आणि त्या चार दिवसांत ३००. वाढीचं कारण तुम्ही स्वतः सांगायला हवं, कारण चोरीची कार्डं वापरून झालेली विक्रीही पडद्यावर अगदी अशीच दिसते. मग ३०० चा हिशोब एका तक्त्यात, ऑर्डर नंबर, तारीख, स्थिती. किती पाठवल्या, ट्रॅकिंग नंबर काय, किती पोचल्या, किती बाकी, प्रत्येकीची पाठवायची तारीख. तीन आठवड्यांत तुम्ही घरातल्या चामड्यातून ४० बॅगा पाठवल्यात म्हणता, त्या ४० चं ट्रॅकिंग हा तुमचा सगळ्यात भारी पुरावा आहे आणि तो तुम्ही अजून दिलेलाच नाही! त्यातही कुरिअरचा असा नंबर हवा जो त्यांच्या साइटवर टाकल्यावर पोचल्याचं दाखवतो, हाताने लिहिलेली पावती चालत नाही.

त्यासोबत मागच्या सहा महिन्यांची चामड्याची, धाग्याची, बकलांची बिलं, तुमच्या किंवा धंद्याच्या नावावरची. चामडं कुठून घेता, त्या व्यापाऱ्याचं नव्या खेपेसाठीचं कोटेशन असेल तर उत्तमच, कारण त्याने दिसतं की मालाची सोय होऊ शकते. कामाच्या जागेचे दोनचार फोटो, अर्धवट शिवलेल्या बॅगांचे. दोन वर्षांतल्या डिस्प्यूटचा आकडा, तुमचे दोनच आहेत, तो आवर्जून लिहा.

आणि मग सगळ्यात कामाचा भाग, मागणी. सगळे पैसे सोडा असं मागू नका. स्वतःहून रिझर्व सुचवा. लिहा की पोचलेल्या ४० ऑर्डरची रक्कम आता सोडावी, उरलेल्या ऑर्डरची रक्कम जसजसं ट्रॅकिंगवर पोचल्याचं दिसेल तसतशी सोडावी, आणि पुढच्या विक्रीवर १० टक्के रोलिंग रिझर्व ९० दिवसांसाठी ठेवायला माझी हरकत नाही. रोलिंग रिझर्व म्हणजे प्रत्येक विक्रीतला ठरलेला हिस्सा बाजूला ठेवायचा आणि ठरलेल्या दिवसांनी सोडत जायचा, ५ ते १० टक्के आणि ९० ते १८० दिवस हे ह्या धंद्यात सर्रास चालतं. तुम्ही हा शब्द वापरला की समोरच्याला कळतं की ह्यांना माझी अडचण समजलीय, आणि त्याच्याकडे होय आणि नाही ह्यांच्या मधला एक पर्याय येतो. मी हाताळलेल्या एका केसमध्ये लाकडी खेळणी विकणारा माणूस दोन महिने पूर्ण रकमेसाठी भांडत होता, त्याने हे असं मागितल्यावर नवव्या दिवशी पोचलेल्या मालाचे पैसे सुटले. दर वेळी होईल असं नाही, पण फक्त विनवणीपेक्षा ह्याने बरंच जास्त वेळा झालेलं मी बघितलंय.

चामड्याला पैसेच नाहीत ही खरी कोंडी आहे, माल पाठवला तर पैसे सुटणार आणि पैसे सुटले तर माल बनणार. इथे कठोर होऊन बघा की किती बॅगा खरंच वेळेत होतील. ज्या होणार नाहीत त्या ऑर्डर आजच स्वतःहून रिफंड करा. बऱ्याच कंपन्या फ्रीज बॅलन्समधूनसुद्धा रिफंड करू देतात, डॅशबोर्डवर ते बटण चालू आहे का तपासा. मला माहीत आहे की हातात आलेली ऑर्डर परत करताना पोटात तुटतं, पण रिफंड आणि चार्जबॅक ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि ग्राहकांना बँकेत जायला का सांगायचं नाही तेही आता सांगतो.

चार्जबॅकमध्ये रक्कम जाते, वर फी जाते आणि मुख्य म्हणजे तो मोजला जातो. मास्टरकार्डच्या कार्यक्रमात एका महिन्यात १०० किंवा जास्त चार्जबॅक आणि प्रमाण १.५ टक्क्यांवर गेलं की विक्रेता जादा चार्जबॅकवाला ठरतो, आणि ते प्रमाण काढताना ह्या महिन्यातले चार्जबॅक भागिले मागच्या महिन्यातले व्यवहार असं गणित करतात. म्हणजे काय होतं बघा, विक्रीचा पूर आला पहिल्या महिन्यात, फ्रीज झाल्याने दुसऱ्या महिन्यात विक्री जवळजवळ शून्य, आणि वैतागलेले ग्राहक बँकेत गेले तिसऱ्या महिन्यात. वरचा आकडा पुराचा, खालचा दुष्काळाचा. तुमच्या ३०० ऑर्डरमध्ये १०० चार्जबॅक होणार नाहीत अशी मला खात्री वाटते, पण पेमेंट कंपन्या स्वतःची रेषा ह्यापेक्षा बरीच खाली ठेवतात, आणि २०-२५ चार्जबॅकसुद्धा तुमच्यासाठी खूप झाले. रिफंड मात्र ह्या मोजणीत येत नाही.

आणि प्रमाण फारच बिघडून अकाउंट कायमचं बंद केलं, तर नाव मॅच यादीत जाऊ शकतं. ही मास्टरकार्डने चालवलेली, बंद केलेल्या विक्रेत्यांची यादी आहे, नाव पाच वर्षं राहतं, आणि दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला की ते ही यादी बघतात. कित्येकांना आपलं नाव त्यात आहे हे कळतसुद्धा नाही, नुसते नकार येत राहतात. नाव ज्याने टाकलं त्याच्याकडूनच काढून घ्यावं लागतं. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही, पण उद्या मर्यादा ऐवजी बंद असा शब्द आला तर लेखी विचारा की नाव यादीत टाकलंय का आणि कोणत्या कारणाच्या कोडखाली.

आता कायद्याचं, असं करता येतं का त्यांना. करारात बहुतेक वेळा तसं लिहिलेलं असतं आणि आपण सगळ्यांनी न वाचता टिक केलेली असते, त्यामुळे थोडक्यात उत्तर हो. पण अमर्याद नाही. २००२ मध्ये अमेरिकेत पेपलविरुद्ध अशाच अडकवलेल्या पैशांवरून ग्राहकांनी एकत्र दावा लावला, कंपनीने करारातलं लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी लवादाकडेच न्यायचा असं) पुढे केलं, कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ते कलम एकतर्फी ठरवून मानलं नाही, आणि २००४ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर समझोता झाला. तेव्हा करारात लिहिलंय म्हणजे संपलं असं नसतं.

कोर्टाच्या आधी मात्र नियामक. तुमच्या कराराच्या तळाशी बघा की तुमचा करार नेमका कुठल्या कंपनीशी आहे आणि तिचा परवाना कुठल्या देशातला आहे, कारण ब्रँडचं नाव एक असलं तरी प्रदेशाप्रमाणे कंपनी वेगळी असते. उदाहरणार्थ पेपलची युरोपातली कंपनी लक्झेंबर्गमध्ये बँक म्हणून नोंदलेली आहे, तिच्यावर सीएसएसएफ ह्या तिथल्या वित्तीय नियामकाची देखरेख. ब्रिटनमध्ये छोट्या धंद्यांना फायनान्शियल ओंबड्समन ह्या तक्रार निवारकाकडे जाता येतं, अमेरिकेत सीएफपीबी ह्या सरकारी संस्थेकडे तक्रार घालता येते. ज्या त्या देशात काही ना काही असतंच. नियम बहुतेक ठिकाणी सारखा, आधी कंपनीच्या औपचारिक तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, तिचं अंतिम उत्तर किंवा ठरलेली मुदत, मग बाहेर. लक्षात घ्या, सपोर्ट चॅट म्हणजे औपचारिक तक्रार नव्हे. मेलच्या विषयात औपचारिक तक्रार असं स्पष्ट लिहा, म्हणजे ती वेगळ्या टेबलावर जाते आणि तिची मुदत चालू होते. माझा सल्ला, आधी ते एक पानी पत्र, दहा दिवस वाट, मग ही तक्रार. दोन्ही एकदम पाठवलंत तर बोलणी करणारा माणूस बाजूला होतो आणि फाइल थेट तक्रारीच्या टेबलाकडे जाते.

आणि हे कंपन्यांनाही सांगायला हवं, कारण मी त्यातलाच होतो. पोचलेल्या मालाचे पैसे अडकवून ठेवायला कुठलंही जोखमीचं कारण पुरत नाही. ४० बॅगा पोचल्या, ग्राहकांनी फोटो टाकले, त्या ४० चे पैसे ३०० सोबत का बांधायचे? सिस्टीमला अकाउंट कळतं, ऑर्डर कळत नाही, एवढंच कारण असतं, आणि ते बदलणं अवघड नाही. सुटण्याची तारीख आणि कारणाची जात, एवढ्या दोन गोष्टी पहिल्याच मेलमध्ये दिल्या तर निम्मी माणसं रात्री झोपू शकतील. जिथे कायद्याने गप्प राहावं लागतं तिथे राहा, पण केवायसीच्या साध्या होल्डलाही तोच गूढ मेल पाठवायचा ही निव्वळ बेफिकिरी आहे.

१८० दिवसांची तारीख आत्ताच लिहून मागा, कुठल्या दिवसापासून मोजतात ते पण. त्या दिवशी पैसे आपोआप सुटतात असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी मेल येतो आणि तुम्हाला स्वतः जाऊन काढावे लागतात, आणि तोवर जुनं बँक खातं बंद झालेलं असेल तर पुन्हा घोळ. आज जाऊन सगळ्या व्यवहारांचे रिपोर्ट, इन्व्हॉइस, ग्राहकांशी झालेले मेसेज डाउनलोड करून ठेवा, अकाउंट पुढे बंद झालं तर लॉगिनही जातं आणि मग वजा झालेला एकेक पैसा कुठे गेला हे तपासायला हातात काहीच राहत नाही.

पुढच्यासाठी फार लांबवत नाही. दुसरा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा, घ्या, दुसऱ्या कंपनीचा, खऱ्या नावाने आणि खऱ्या कागदांवर, आणि थोडी विक्री त्यावरून नेहमी चालू ठेवा, नुसता उघडून ठेवलेला गेटवे गरजेच्या दिवशी पहिल्याच मोठ्या रकमेला अडतो. बॅलन्स तिथे साठवू नका, रोज बँकेत काढा. मोठी विक्री येणार हे आधी माहीत असेल तर चार दिवस आधी त्यांना लिहून कळवा. बनवायला वेळ लागणाऱ्या मालाचे पूर्ण पैसे आधी घेण्याऐवजी थोडी अनामत घ्या आणि बाकी पाठवताना. आणि ग्राहकाच्या कार्ड स्टेटमेंटवर दुकानाचं नाव दिसतंय का बघा, तिथे साधारण २२ अक्षरंच बसतात, तुमचं तिथे बहुतेक तुमचं स्वतःचं नाव येत असणार आणि ग्राहक ब्रँडच्या नावाने ओळखतात, मग हा खर्च माझा नाहीच म्हणून बँकेत जातात. सेटिंगमधली दोन मिनिटांची गोष्ट आहे.

आज मात्र सगळ्यात आधी त्या २६० ग्राहकांना मेल करा, कंपनीच्या पत्राच्याही आधी. खरं सांगा, ऑर्डर अचानक वाढल्या, पेमेंट कंपनी तपासणी करतेय, तुमची बॅग अमुक तारखेला निघेल, थांबायचं नसेल तर ह्याच मेलला उत्तर द्या, मी रिफंड करते. पेमेंट कंपनीला शिव्या नकोत त्यात. रिफंड मागणारे येतील त्यांचे नंबर तक्त्यात टाका, थांबतो म्हणणाऱ्यांची उत्तरं जपून ठेवा, ती पत्राला जोडायची आहेत. पत्राचा मसुदा झाला की इथे टाका, नाव आणि केस नंबर काढून, मी बघून देतो.